काय होया?

शुक्रवार, रात्री

“काय होया?” काय हवं, एवढंच म्हणाली ती कुडाळच्या बाजारातली माझी भाजीवाली म्हातारी. परवाच्या बुधवारपासून हे दोन शब्द डोक्यात घोळतायत. भांडी घासताना, दिवा लावताना, आत्ता मच्छरदाणी खोचतानासुद्धा.

तिने विचारू नये असं थोडंच आहे? बाजारात बसलेली बाई गिऱ्हाइकाला हेच विचारणार. पण मला तिने कधी विचारलंच नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले की तिचा हात आपोआप मागे जायचा, ओल्या गोणपाटाखाली, आणि तांबड्या भाजीच्या, म्हणजे तांबड्या माठाच्या, तीन जुड्या माझ्या पिशवीत पडायच्या. केळीच्या सोपाने बांधलेल्या, मुळांची माती न झटकलेल्या. घरी आणून धुतल्या की मोरीत तांबडं पाणी; त्यात भाजीचं किती आणि मातीचं किती ते कळायचं नाही. अकरा-बारा वर्षं हे असंच. भाव वाढला की तीच सांगायची.

परवाही हात मागे गेला. जुड्या निघाल्या त्या माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईसाठी. नवीन कॉलनीतली असावी, कानात ती पांढरी बोंडं घातलेली. तिला “घे गो बाय”, आणि मग माझ्याकडे वळून “काय होया?”

“काय नको,” म्हटलं, आणि पुढच्या टेम्पोवाल्याकडून कोबी घेऊन घरी आले. बेळगावचा कोबी! मला तो आवडतही नाही.

हे एवढं लागलं त्याला कारण आहे, आणि ते लिहायला लाज वाटतेय. मुंबईत सहा आठवडे मी लेकीला दुसरं काही ऐकवलंच नाही. तिने या खेपेला ठरवूनच टाकलं होतं, “आई, तुला इथले सगळे बाजार दाखवते.” तिला वाटत असावं, आई घरात बसली की विचार करत बसते. बसते, हे खरं. असो.

पहिला वांद्र्याचा, रविवारचा, 2010 मध्ये सुरू झालेला तो. आत शिरले तर वाटलं कोणाच्या तरी मुंजीला आलोय. माणसं नटूनथटून आलेली, नाचणीचे केक, कागदी पिशव्या, दोरीला बांधलेली इस्त्री केल्यासारखी कुत्री. माठाची जुडी साठ रुपये. मुळं छाटलेली, पानं धुतलेली, मातीचा कण नाही. मी जरा खवचटपणेच विचारलं, “कुठची गो ही?” त्या मुलीने गाव सांगितलं, तालुका सांगितला, शेत किती गुंठ्यांचं, जीवामृत कधी घालतात, पाणी कुठलं, सगळं. न वैतागता. बाहेर पडल्यावर मी लेकीला म्हटलं, “सगळं आहे, पण ओळख नाही.”

आता विचार करते तर माझ्या म्हातारीचं गाव मला धड सांगता यायचं नाही. माणगाव खोऱ्यातून येते एवढं माहीत. शेत स्वतःचं की खंडाने केलेलं, विहीर आहे की व्हाळाचं पाणी? बारा वर्षांत विचारलं नाही. त्या मुलीला पाच मिनिटांत विचारलं.

दुसरा लेकीच्या सोसायटीजवळचा शेतकरी आठवडी बाजार, पणन मंडळाचा, संत सावता माळ्यांच्या नावाचा. जावयाने तिथे जाईपर्यंत इतिहास सांगितला. 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यानंतर मुंबईत हे बाजार आले. त्याआधी मुंबईचा घाऊक भाजीबाजार 1996 मध्ये भायखळ्याहून वाशीला गेला, आणि त्याच्या आधी म्हणे... मीठ मागितलं तर हा मिठागरांपासून सुरू करतो. बाजार मात्र चांगला. तंबू, टेम्पो, जुन्नरची कोथिंबीर, साताऱ्याचा घेवडा. भाव पाटीवर लिहिलेले, वजन काट्यावर, सुट्ट्या पैशांचा घोळ नाही. वांद्र्याच्या निम्म्यानेही भाव नव्हते. पण घासाघीस करायची नाही म्हटल्यावर मला हात बांधल्यासारखं झालं. “ही कोणाच्या शेतातली?” विचारलं तर पोरगा म्हणाला, “काकू, आमच्या गटाची.” गटाला काय विचारणार? तिथेही मी तेच म्हटलं. ओळख नाही.

दादरलाही गेलो. पिशवी आणि लेक, दोन्ही सांभाळून परत आलो.

आणि दर ठिकाणी माझं पालुपद: आमच्या कुडाळला बघ, बुधवारी माझी भाजी बाजूला काढलेली असते. गेलं नाही गेलं, माझ्या नावाची असते. हे सांगताना निम्मा बाजार मी गिळूनच टाकला होता. टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, सिमला मिरची सगळं घाटावरून येतं, बेळगाव आणि कोल्हापूरहून. गावठी म्हणजे कडेला बसलेल्या बायकांची ती एक रांग. पण लेकीसमोर अख्खा कुडाळचा बाजार माझ्या ओळखीचा करून टाकला.

तिच्या डोळ्यांपुढे मी ती गोणपाटाखालची भाजी इतकी नाचवली, आणि इथे आले तर ती दुसऱ्याच्या पिशवीत.

मला माहीत आहे, ती विकणारी आणि मी घेणारी. आठवड्याला साठ रुपयांचं गिऱ्हाईक. साठ रुपयांत काय काय मागायचं माणसाने? पण मग हे गेले तेव्हा ती खळ्यापर्यंत आली होती ते कशासाठी? चपला हातात घेऊन उभी राहिली होती. वर ये म्हटलं तर आली नाही. भाजीचे पैसे घेतले नाहीत.

जाऊ दे. या वयात कोण कोणासाठी काय बाजूला काढून ठेवतं? लेकीच्या घरीसुद्धा माझी उशी आता पाहुण्यांच्या कपाटात असते.

हे जरा जास्त झालं. झोपते.


शनिवार

एक राहिलं लिहायचं. तिसरा बाजार.

स्टेशनजवळ गटाराच्या कडेला वसईवाल्या बसतात. पहिल्या लोकलने, मालडब्यातून पाट्या घेऊन येतात. पाला, मुळा, केळी, कधी सुकेळी. त्याला कोणी शेतकरी बाजार म्हणत नाही, पाटी नाही, तंबू नाही. लेक कामावर गेली की मी तिथे जायची. सगळ्यात जास्त तोच आवडला होता, पण तसं लेकीला सांगितलं नाही. तिच्या रविवारांचं वाईट वाटलं असतं. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यातली एक म्हणाली, “आलात का आई? आज उशीर?” एवढंच. मला इतकं बरं वाटलं की दोन मुळे जास्त घेतले. त्या घरात मुळा कोणी खात नाही. जावई तर खिडक्या उघडतो.

हे काल रात्री का आठवलं नाही कोण जाणे. आठवलं असतं तर इतकं रडगाणं लिहिता आलं नसतं.


बुधवार

आज मुद्दाम उशिरा गेले, अकरा वाजून गेल्यावर. गोणपाट रिकामं असेल तर प्रश्नच नको, अशा हिशेबाने.

लांबूनच तिने बघितलं. मी मिरच्यांकडे बघत उभी राहिले, जसं काही मिरच्याच घ्यायला आलेय.

“खय व्हतंस गो?”

“मुंबैक. चेडवाकडे.”

“सांगान तरी जावचा. तीन बुधवार ठेयलंय तुझी भाजी. सांजेक घरी नेऊन गायीक घातलंय.”

मला काही सुचेना. शेवटी विचारलं, “आणि चवथ्या बुधवारी?”

“मगे म्हटलंय, गेलंस.” हे म्हणताना तिने हनुवटी उचलली. मुंबईच्या दिशेला नाही, सरळ वर.

मिरचीवाली तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी म्हटलं, “मेल्यावर सांगूक येतलंय काय मी तुका?”

“ता नको. जित्ती असताना सांग.”

मग परवा तसं का विचारलंस, हे माझ्या तोंडावर आलं होतं. ते विचारायच्या आधीच ती भाजीवर पाणी शिंपडत म्हणाली, “गेल्या बुधवारी तुका बघलंय आणि असो राग इलो! मी हय मनात काय काय हाडलंय, आणि ह्या हसत हसत येता.”

म्हणजे दोन रात्री मी जे उशीत तोंड खुपसून चघळत होते, तो राग होता. मला मेलेली समजून नंतर जिवंत बघितल्याचा राग. माझ्यावर असं कोणी चिडून किती वर्षं झाली? मला तिथे उभ्या उभ्या हसू यायला लागलं, आणि ते थांबेना.

तीन बुधवारचे, तीन-तीन जुड्यांचे, वीसच्या भावाने एकशेऐंशी झाले. मी पैसे पुढे केले. वाटलं होतं, नको म्हणेल. तिने घेतले. मोजून घेतले, कमरेच्या पिशवीत टाकले, आणि गोणपाटाखाली हात घालून दोन जुड्या काढल्या. त्यांचे चाळीस वेगळे.

“दोनच?”

“तिसरी त्या बायची. ती पण बुधवारीच येता आता.”

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? निघता निघता विचारलं, “तुझा गाव खयचा गो?” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वेडी झालेय. वाडीसकट सांगितलं. विहीर आहे. शेत जावेबरोबर सामाईक आहे, आणि जावेशी बोलणं नाही, त्यावर आणखी दहा मिनिटं गेली.

घरी येऊन भाजी भिजत घातली आणि लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती, कुजबुजत म्हणाली, “काय झालं आई?”

काही नाही, म्हटलं. संध्याकाळी स्टेशनवरून जाशील तेव्हा ती वसईवाली आहे ना, निळ्या छत्रीखालची, नसली तर शनिवारी सकाळी जा, तिला सांग, आई गावाला गेलीय.

“आई, तिला काय पडलंय त्याचं? शंभर गिऱ्हाइकं असतील तिची.”

“असू देत. तू सांग फक्त.”