हात सोडला, तरी हात वरच

सांगली, श्रावणातला गुरुवार

आज अंग सैल करून देणाऱ्या ताईंनी माझा उजवा हात मनगटाखाली धरून उचलला, जरा हिंदकळवला आणि अलगद स्वतःचा हात काढून घेतला. माझा हात खाली आलाच नाही, तसाच हवेत. धरलेलं कुणी नाही, उचलायचंही काही नाही, तरी खांदा आपला भार पेलून तयार! ‘सैल सोडा’ असं त्या म्हणाल्या नाहीत. तळवा पुन्हा खाली देऊन एवढंच विचारलं, "किती जड असेल हो हा?" मी वजनाचा अंदाज घ्यायला लागले आणि कोपर आपोआप ढिलं पडलं.

विश्रामबागेत त्यांच्याकडे ट्रेगर पद्धतीसाठी, म्हणजे अंग हलकेच झुलवून सैल करण्यासाठी, जाते. अंगावरच्या कपड्यांनिशी मऊ टेबलावर पडायचं. तेल नाही, रगडणं नाही. पोटरी, कंबर, मान असा एकेक भाग हातात घेऊन त्या लयीत झुलवतात. जिथं अडतं तिथं जोर वाढवत नाहीत, उलट कमी करतात. मला हेच फार पटतं. मिल्टन ट्रेगर (१९०८–१९९७) तरुणपणी अमेरिकेत बॉक्सिंग करायचे. स्वतःच्याच ट्रेनरचं अंग चोळून देताना त्यांना या कामाची सुरुवात सापडली. पुढे ते डॉक्टर झाले. आखडणं नुसतं स्नायूत नसतं, मनानं धरून ठेवलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं.

पाळण्यातलं बाळ झोपतं तसंच मोठ्यांचंही होतं. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १८ तरुणांना रात्रभर हळू झुलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिलं. त्यांना झोप लवकर लागली, गाढ झोप वाढली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागातून आईला बोटीनं काढलं, तिच्या मांडीवर देवांचा डबा. तेव्हापासून कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की माझे खांदे कानाला लागतात. दिवसभर मोबाइलवर पाण्याची पातळी बघत बसते.

आज कंबर झुलवत असताना रडू आलं. पूर आठवला नाही, आई आठवली नाही, काहीच नाही. नुसतं पाणी, कानात उतरेपर्यंत. ताईंनी लय संथ केली, विचारलं, "थांबू?" मी म्हटलं, "नको." का रडताय, हे त्यांनी विचारलं नाही, याचे त्यांचे उपकार. दुःख मांडीत किंवा पाठीत साठून राहतं असं लोक सांगतात, ते मला तसंच्या तसं पटत नाही. सतत सावध असलेल्या अंगाला रडायलासुद्धा उसंत नसते, एवढं मात्र आज कळलं. आणि त्या रडण्याला कारण जोडायची मला अजिबात घाई नाही.

उठल्यावर त्यांनी मेंटॅस्टिक्स करायला लावलं: उभं राहून हात नुसता लोंबू द्यायचा, हलकेच हलवायचा आणि त्याचं वजन जाणवून घ्यायचं. बसस्टॉपवर उभी होते तेव्हाही केलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

आईलाही न्यायचं मनात आहे. तिची हाडं ठिसूळ झालीत, म्हणून ताईंनी आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलंय. शनिवारी तिची रक्ताची तपासणी आहेच, तेव्हा विचारते.