एक पुडी, एक पेला

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जोरात असला की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत ऊसतोड टोळ्यांमधली पोरं वाढतात. खोकला, ताप, जुलाब. त्यातले बहुतेक जुलाब ओआरएस (पुडीतली मीठ-साखरेची भुकटी पाण्यात कालवून) आणि झिंकवर घरीच बरे होतात. त्या दिवशी आजीच्या कडेवर आलेलं अकरा महिन्यांचं पोरगं मात्र खुणांच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं.

दोन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही. पहिल्या दिवशी तीन-चार उलट्या. ताप 38.6 सेल्सिअस. पाच वर्षांखालच्या आजारी मुलात आधी चार गोष्टी विचारायच्या: पिणं बंद झालंय का, घेतलेलं सगळं उलटून पडतंय का, झटके आले का, मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे का. यातली एकही असली तर पुढचं तपासत बसायचं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायची तयारी करायची. इथे चारही उत्तरं नाही. उलट पोरगं किंचाळत होतं, थांबतच नव्हतं.

रडताना श्वास मोजला तर 58 भरला. हा आकडा कागदावर लिहायचा नसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 आणि त्यापुढे म्हणजे जलद श्वास, मग न्यूमोनियाचा रस्ता सुरू होतो आणि नको ते अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक पोटात जातं. सोबतच्या आईला बाळ अंगावर घ्यायला सांगितलं, झबलं वर केलं आणि पूर्ण एक मिनिट पोट-छाती पाहिली. 44. छाती आत ओढली जात नव्हती, स्टेथोस्कोपला दोन्ही बाजू स्वच्छ. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय ओपीडीच्या गर्दीत सगळ्यांनाच लागते. लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून ती सवय इथे घात करते.

मग कातडीची चिमटी. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीने, नखं न लावता, शरीराच्या उभ्या रेषेत कातडी उचलायची, क्षणभर धरायची आणि सोडायची. दोन सेकंदांपेक्षा जास्त घडी राहिली तर तीव्र डिहायड्रेशनची, म्हणजे शरीरातलं पाणी फार कमी झाल्याची खूण. इथे कातडी लगेच बसली. पण हाताला ती नेहमीसारखी लागेना, मळलेल्या कणकेसारखी जाडसर, लिबलिबीत लागली. डोळे थोडे खोल. पेला दाखवला की पोरगं दोन्ही हातांनी ओढून घेत होतं.

वजन 7.9 किलो. सुदैवाने मातृ-बाल संरक्षण कार्ड आजीच्या पिशवीत होतं आणि आठवड्यापूर्वीच्या लसीकरणाच्या दिवशी वजन 8.6 लिहिलेलं होतं. सातशे ग्रॅम गेले, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के पाणी गेलेल्या मुलाची चिमटी हळू बसायला हवी. कार्ड नसतं तर कातडीवर विश्वास बसला असता.

“आजी, घरी काय काय पाजलं?”

“पुडीचं पाणी की, डाक्टर. रातभर पाजतोय. जितकं पाजावं तितकं बाहेर पडतंय.”

“पुडी किती पाण्यात कालवली?”

आजीने टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला. “ह्या एवढ्या. एक पेला, एक पुडी.”

पेला साधारण 200 मिलीचा. पिशवीतून निघालेली रिकामी पुडी मोठी, एक लिटरची. काल दुपारपासून अशा तीन पुड्या संपल्या होत्या. निम्मं उलटून आणि सांडून गेलं असेल, तरी उरलेलं पुरेसं होतं.

एक लिटर ओआरएसमध्ये साडेवीस ग्रॅम भुकटी असते: साधं मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9. ती एका लिटरमध्ये विरघळली की सोडियम 75 मिलिमोल आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) 245 होते, रक्तापेक्षा थोडी कमी, म्हणून आतडं ते पाणी ओढून घेतं. तीच भुकटी 200 मिलीमध्ये टाकली की सोडियम 375 आणि ऑस्मोलॅरिटी सव्वाबाराशे. रक्ताची तीनशेच्या आतच असते. मग गणित उलटं फिरतं: आतडं पाणी घेण्याऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं, जुलाब वाढतात, आणि जुलाब वाढले म्हणून घरचे आणखी पाजतात. आजी म्हणत होती ते शब्दशः खरं होतं.

रक्तातलं सोडियम चढलं की पेशींमधलं पाणी बाहेर येऊन रक्ताचं आकारमान टिकवून धरतं. त्यामुळे चिमटी, नाडी, हातापायांची ऊब सगळं बरं दिसतं आणि पाण्याची तूट झाकली जाते. मेंदूच्या पेशींमधूनही पाणी जातं, म्हणून ते किंचाळणं आणि न भागणारी तहान.

आमच्याकडे सोडियम तपासायची सोय नाही. ग्लुकोमीटरवर साखर 96 आली, म्हणजे साखर उतरल्यामुळे चिडचीड, हे कारण गेलं. नखावरचा दाब सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत रंग परतत होता, नाडी भरलेली. शॉक असता, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत असतं, तर सोडियमचा विचार बाजूला ठेवून शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाईन लावलंच असतं. शॉक नव्हता, त्यामुळे शीर शोधण्यात वेळ घालवला नाही. आजी “सलाईन लावा” म्हणत होती, ते साहजिकच. पण अशा मुलाला नुसतं पाच टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) लावणं किंवा बाटलीभर साधं पाणी एकदम पाजणं हे सगळ्यात धोक्याचं. चढलेल्या सोडियमशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. ते झपाट्याने उतरवलं की पाणी मेंदूत शिरून सूज येते आणि झटके येतात. चोवीस तासांत दहा-बारा अंकांहून जास्त उतरवायचं नसतं.

सिस्टरांनी लिटरच्या मापात नवी पुडी कालवली. एरवीचा हिशोब किलोमागे 75 मिली, चार तासांत: या वजनाला 600 मिली, म्हणजे दर दोन मिनिटांना पाच मिलीचा एक चमचा. इथे त्याहून सावकाश, चमच्यानेच. पेला हातात द्यायचा नाही, कितीही ओढला तरी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालू. तापाला पॅरासिटॅमॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 125 च्या (पाच मिलीत 125 मिलिग्रॅम) सिरपचे साधारण पावणेपाच मिली. (याच औषधाचे थेंब एका मिलीत 100 मिलिग्रॅमचे मिळतात आणि 250 चं सिरपही असतं. बाटली न बघता “एक चमचा द्या” सांगणं म्हणजे त्या पुडीचीच गोष्ट.)

108 रुग्णवाहिका आली. चिठ्ठीवर निदानाच्या आधी ठळक लिहिलं: “एक लिटरची पुडी 200 मिलीत, अंदाजे तीन पुड्या. आधीचं वजन 8.6, आज 7.9. कातडीची चिमटी सामान्य.” पुढच्या डॉक्टरांनाही ती चिमटी फसवू शकते. सोबत चमचा आणि कालवलेलं ओआरएस दिलं, वाटेत पाजायला.

उपजिल्हा रुग्णालयात सोडियम 162 आलं, चढलेलंच. दोन दिवसांत सावकाश उतरवलं. झटके आले नाहीत. परत आल्यावर झिंक रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, चमचाभर दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी ही गोळी बंद पडते, म्हणून आशाताईंकडे तारखा लिहून दिल्या.

पोराला पाठवलं त्याच दिवशी दुपारी आशाताई टोळीच्या मुकादमाला घेऊन कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर फिरल्या. आणखी दोन घरांत मोठी पुडी पेल्यातच कालवली जात होती. कारण अगदी सरळ: मेडिकलमध्ये 200 मिलीची छोटी पुडीही मिळते, ती पेल्यातच कालवायची असते, आणि कुणीतरी एकदा तेच दाखवलेलं. दोन्हींवर चित्रं सारखीच, लिटरचा आकडा बारीक. तिसऱ्या एका घरात उलटंच, अर्धी पुडी उद्यासाठी मुडपून ठेवलेली आणि अर्धी अंदाजाने पाण्यात टाकलेली. पुडी फोडली की पूर्ण वापरायची, कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पुडीबरोबर आम्ही पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली देतो. मोठी पुडी असली की बाटली गळ्यापर्यंत भरायची आणि पातेल्यात ओतून कालवायची. आजीला किंवा आईला ते ओपीडीतच, सिस्टरांसमोर एकदा करून दाखवायला लावतो.