भरलेली बाटली

जूनमध्ये आमची लेक पाचवीत गेली आणि पंधरा दिवसांत रोज सकाळी एकच सुरू झालं, "पोटांत दुखता." नेमकं बस यायच्या वेळेला. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. घरचे म्हणाले, नाटकं करते. शेजारीण म्हणाली, ट्यूशन लाव.

चौथीपर्यंत ती डिचोलीजवळ आमच्याच वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत होती. पाढे तोंडपाठ, कविता म्हणायला सगळ्यांत पुढे. गोव्यात कितीतरी घरांत असंच असतं. घरी कोंकणी, प्राथमिक मराठीत आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजीत.

एकदा दप्तर आवरताना पाण्याची बाटली हाताला लागली. सकाळी भरून दिली तशीच, काठोकाठ. आदल्या दिवशीही तशीच होती, पण तेव्हा मी ती ओतून धुऊन ठेवली होती. जवळ घेऊन विचारलं, तेव्हा हळूहळू बोलली. लघवीला जायचं तर इंग्रजीत विचारावं लागतं. एकदा वाक्य चुकलं, अख्खा वर्ग हसला. म्हणून ती पाणीच पीत नव्हती. सकाळी पावणेआठ ते दुपारी दीड. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. ऐकून वर्गशिक्षिकेचे डोळे भरले. त्यांनी लगेच वर्गात सांगून टाकलं, कोंकणीत विचारा, मराठीत विचारा, नाहीतर नुसता हात वर करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. ते होईल तेव्हा होवो, निदान एवढं तरी प्रत्येक वर्गात आजच व्हायला हवं.

ट्यूशन लावली नाही. रात्री मी चपात्या लाटताना ती ओट्याजवळ बसते, आम्ही धडा आधी मराठीत बोलतो. परवा 'इव्हॅपोरेशन'वर अडली. पडवीत दोरीवर तिचा ओला युनिफॉर्म होता, तो दाखवून विचारलं, यातलं पाणी कुठं जातं? "बाष्पीभवन!" ती ओरडलीच. "हें म्हाका येता!" आता वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आहेत, एकात इंग्रजी शब्द देवनागरीत, समोर मराठी.

चाचणीत विज्ञानाला 20 पैकी 8 मिळाले. पोटदुखी थांबली. बाटली मात्र मी अजून रोज उचलून बघते. काल अर्धी होती.