कुर्बानीआधीचे केस आणि नखे: माझा अनुभव

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान, इस्लामी धर्मनियमांच्या शाफई पंथाचे. घरची कुर्बानी वडिलांच्या नावाने होत असल्यामुळे जिल्हेजचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चांद दिसल्यापासून केस आणि नखे न कापण्याचा नेमही तेच पाळत. आम्हा मुलांचा त्याच्याशी संबंध नसे. २०२५ साली मी माझ्या पगारातून स्वतःच्या नावाने बोकड घेण्याचे ठरवले, आणि हा नेम पहिल्यांदा माझ्यावर आला.

मी पुण्यात परिचारिका आहे. आमच्या कामात नखे वाढलेली चालत नाहीत, म्हणून आधी नियम नीट समजून घ्यावा या हेतूने मी गावच्या मौलानांना फोन केला. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा यांच्याकडून आलेली हदीस (पैगंबरांचे वचन) त्यांनी सांगितली: जिल्हेजचे पहिले दहा दिवस सुरू झाले आणि कुर्बानीचा इरादा असेल, तर कुर्बानी होईपर्यंत केस व नखांना हात लावू नये. शाफई मतानुसार हे पाळणे सुन्नत (पाळणे चांगले, पण सक्तीचे नाही) आणि कापणे मकरूह (नापसंत) आहे. माझी नांदेडची मैत्रीण हनफी या दुसऱ्या पंथाची. तिच्याकडे हा नेम पाळणे मुस्तहब (करावे हे उत्तम) मानतात. हंबली पंथाच्या मतात मात्र कापण्यास सक्त मनाई आहे. तरीही कुणी कापलेच तर कुर्बानी बाद होत नाही आणि त्याचा फिदयाही (भरपाईही) द्यावा लागत नाही. दरवर्षी मोबाइलवर फिरणारे ‘कुर्बानी कबूल होणार नाही’ छापाचे संदेश मला म्हणूनच पटत नाहीत.

जिल्हेजच्या आधीच्या जिलकाद महिन्याची २९ तारीख २८ मे रोजी, बुधवारी होती. त्या वर्षी पाऊस मेमध्येच आल्यामुळे आभाळ भरलेले होते आणि चांदाची बातमी येईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण इस्लामी तारीख सूर्यास्तालाच बदलते. मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) आत मी हातापायांची नखे अगदी मुळाशी कापली आणि अंगावरचे केसही काढले, कारण हा नियम फक्त डोक्याच्या केसांपुरता नाही. रात्री चांद झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे ईद ७ जूनला.

पुढे अडचण आली ती एवढीच, की उजव्या अंगठ्याच्या नखाची कड तडकली आणि हातमोजा चढवताना दरवेळी त्यात अडकू लागली. ओढ बसली की नखाखालच्या मांसापर्यंत कळ जायची. मौलाना म्हणाले, “बेटा, दुखतंय तेवढा तुकडा काढून टाक, बाकीचं राहू दे.” विंचरताना गळणाऱ्या केसांचेही त्यांनी मनावर घेऊ दिले नाही. आंघोळ, तेल, अत्तर, शिवलेले कपडे यांपैकी कशालाच मनाई नाही. हा हजचा इहराम, म्हणजे यात्रेकरूंची बंधनांची अवस्था, नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले. मैत्रिणीने आणखी एक अट सांगितली, ती मला फार शहाणपणाची वाटली: चाळीस दिवसांहून अधिक काळ नखे व अंगावरचे केस तसेच ठेवणे हनफी मतानुसार गैर आहे, त्यामुळे नेम पाळताना ही मुदत उलटणार असेल तर ते काढून टाकणेच योग्य.

खरा गुंता माझ्या कुवेतमधल्या भावाचा झाला. त्याचीही कुर्बानी गावीच व्हायची होती. तिकडे जिल्हेज आमच्या एक दिवस आधी लागला आणि ईद शुक्रवारी, ६ जूनला आली. ईदच्या नमाजला जाण्यापूर्वी केस कापून घ्यावेत असे त्याच्या मनात होते. पण नेम संपतो तो आपल्या नावाचे जनावर जिबह झाल्यावर (कापले गेल्यावर), ईदच्या तारखेने नव्हे. आपण कुर्बानीचे काम दुसऱ्यावर सोपवले तरी नेम आपल्यालाच राहतो. सुरी चालवणाऱ्या खाटकाला तो लागू होत नाही. मौलानांनी त्याला गावाकडून निरोप येईपर्यंत थांबायला सांगितले, आणि तो वाढलेल्या केसांनीच नमाजला गेला.

ईदच्या दिवशी खाटीक घरोघर अडकलेला होता, म्हणून वडिलांनी आमचे बोकड दुसऱ्या दिवसावर ढकलले. शाफई मतानुसार १३ जिल्हेजपर्यंत कुर्बानी करता येते, हनफींकडे १२ पर्यंत, त्यामुळे घाई नव्हती. रविवारी दुपारी दोन्ही बोकडांची कुर्बानी झाल्याचा वडिलांचा फोन आला, तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी खोलीवर येऊन मी नखे कापली. भावाने तिकडे त्याच रात्री न्हाव्याचे दुकान गाठले.