तुम्ही विचारलंत म्हणून: साल्सा येतो, आता नाच बसवायला कधी लागू?

हा प्रश्न बहुतेक वेळा दीड-दोन वर्षं साल्सा शिकलेली मंडळी विचारतात. वळणं बसलेली असतात, पार्टीत कुणाबरोबरही नाचता येतं आणि आता यातच पोट भरावं, स्वतःचे नाच बसवावेत असं वाटायला लागलेलं असतं. पुढचा कोर्स कुठला करू, हे त्यांना हवं असतं. माझं सांगणं असं, की नवी वळणं वर्षभर बाजूला ठेवा आणि आधी वाद्यं ऐकायला शिका.

सुरुवात क्लावेपासून. दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा हा पाच ठोक्यांचा ठेका. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. झाला सोनचा (क्युबातल्या एका जुन्या गाण्या-नाचाच्या प्रकाराचा) क्लावे, ज्यावर बहुतेक साल्सा उभा असतो. आता सातवरची टाळी आठवर न्या, बाकी चार तशाच ठेवा, की रुम्ब्याचा क्लावे तयार. एवढ्याशा सरकण्याने चालच बदलते. आपल्या नाचातला एक आकडा (पावलं मोजताना म्हणतो तो एक, दोन, तीन) म्हणजे यातल्या दोन मात्रा, म्हणून सोळा मात्रांत आपले आठ आकडे बसतात.

कथक शिकून आलेल्यांची लय पक्की असते, पण सवयीने ती समेवर जोर देतात. इथे मात्र आकड्यांतल्या एकवर फारसं काही घडत नाही. बास (खर्जातलं तंतुवाद्य) बहुतेकदा एक टाळतो आणि दोन-तीनच्या मधे आणि चारवर वाजतो. कोंगा या उभ्या ढोलाची चापट दोनवर पडते, मोकळे बोल चारवर आणि त्याच्या लगेच पुढे. एकवर पाय आपटणारा नर्तक म्हणूनच ताल न चुकताही बँडपासून तुटल्यासारखा दिसतो. न्यूयॉर्कमध्ये टिटो पुएंतेंच्या वाद्यवृंदाबरोबर नाचलेल्या एडी टोरेस यांनी दोनवर दिशा बदलणारी पद्धत शिकवून रूढ केली, ती याच चापटीला धरून. मी एकवर नाचणाऱ्यांना कमी लेखत नाही, पण नाच बसवणाऱ्याला दोन्ही यायलाच हवं.

मग कंबर. ‘कंबर हलत नाही’ ही तक्रार खरं तर गुडघ्याची असते. पाऊल ठेवताना गुडघा वाकलेला हवा आणि पायावर वजन नको. वजन हळूहळू त्या पायावर आणा, गुडघा सरळ होऊ द्या, की नितंब आपोआप त्या बाजूला जातो. दोन पावलांमध्ये वजन अर्धं-अर्धं राहिलं की हे घडत नाही, मग लोक कंबर मुद्दाम झटकतात आणि महिन्याभरात पाठ धरते. आरशासमोर अगदी संथ, एका पावलाला चार आकडे देऊन करा. रबरी तळव्याचे बूट घालून गिरक्या मात्र घेऊ नका. बूट जमिनीला चिकटतो, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. स्वेडच्या (लवदार चामड्याच्या) तळव्याचे बूट याचसाठी असतात. तळवा गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासायचा.

इतकं झालं की साल्साच्या मुळाशी, म्हणजे कॅरिबियनमधल्या आफ्रिकी वळणाच्या नाचांकडे जा. अमेरिकन नर्तकी कॅथरीन डनहॅम मानववंशशास्त्र शिकत होत्या. 1935 मध्ये त्या शिष्यवृत्तीवर कॅरिबियनला गेल्या, जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैतीत नाच शिकल्या आणि त्यातून धडाचं स्वतंत्र चलन, कणा आणि पदन्यास यांची आपली पद्धत त्यांनी उभारली. हैतीचा यान्वालू करून पाहा. गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेलं आणि माकडहाडापासून मानेपर्यंत कण्यातून सरकत जाणारी लाट. हा दंबालाचा, म्हणजे हैतीच्या वोडू धर्मातल्या नागरूपी लोआचा (दैवताचा) नाच. छाती आणि खांदे हलवून ही लाट येत नाही, ती खालूनच निघावी लागते.

क्युबात रुम्ब्याचे तीन प्रकार: संथ याम्बू, जोडीने खेळायचा ग्वाग्वांको आणि एकट्याचा कोलुम्बिया. स्पर्धांमधल्या बॉलरूम रुम्ब्याशी यांची गल्लत करू नका. ओरिशांचे, म्हणजे आफ्रिकेतून क्युबात आलेल्या दैवतांचे नाच त्याहून वेगळे, कारण ती पूजा आहे. तिथे सगळ्यांत आधी एलेग्वा या ओरिशाला वंदन होतं, जसा आपल्याकडे गणाशिवाय तमाशा सुरू होत नाही. समुद्राची ओरिशा येमाया, तिचा निळा झगा आणि लाटेसारखा हात देखणा दिसतो म्हणून साल्साच्या मधेच घुसवला, तर ते मला खरंच खटकतं. जे घेतलंत ते कोणत्या ओरिशाचं आणि कुणाकडून शिकलात, हे कार्यक्रमपत्रिकेवर छापा.

कमाईचं थोडक्यात सांगायचं तर रंगमंचाच्या तीन मिनिटांवर घर चालत नाही, वर्गांवर आणि आपल्याकडे लग्नातल्या ‘संगीत’ समारंभाचे नाच बसवण्यावर चालतं. त्यामुळे शिकवणं हे दुय्यम काम समजू नका.

आता बसवणं. मिनिटाला 192 ठोक्यांचं गाणं तीन मिनिटं नाचायचं म्हणजे 576 ठोके, आठाचे 72 गट. ते कागदावर मांडा. कडव्यात जोडीची वळणं, पुढे मोंतुनो (गाण्याचा तेच सूर फिरवत राहणारा भाग) सुरू होऊन कोरस आणि गायकाचे सवाल-जवाब रंगले की हात सोडून पदन्यास, पितळी वाद्यांच्या झोतावर गटाच्या रचना. आणि गाणं कापताना सांभाळा, सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. क्लावे आठ आकड्यांत पुरा होतो, एका चारात तीन ठोके आणि दुसऱ्या चारात दोन. चार आकडे जास्त-कमी कापलेत तर पुढचं सगळं गाणं उलट्या क्लावेवर जातं. ठोका जुळलेला असतो, म्हणून ऐकताना कळत नाही, पण नाचणारे तिथे अडखळतात आणि आपण तालमी वाढवत बसतो. कट झाल्यावर सांध्याच्या आधीपासून सोळा मात्रांची टाळी धरा आणि न थांबता पलीकडे न्या. टाळी वाद्यांवर आदळायला लागली, तर चार आकडे मागे-पुढे सरकवून पुन्हा कापा.