शेंबडातलं एन्झाइम आणि ठणकणारा कान

पावसाळा लागला की ठाण्यातल्या बालवाड्यांत निम्मी नाकं वाहत असतात. सर्दीला तीन-चार दिवस होतात आणि एखाद्या रात्री कान ठणकू लागतो. मग घरात लसूण घालून तेल कोमट केलं जातं. पण तेल पडद्यापाशीच अडतं. दुखणं असतं पडद्यामागे, मधल्या कानात, आणि तिथली वाट नाकामागून जाते. पडदा फुटलेला असेल तर तेल आत जाऊन उलट त्रासच.

ही वाट म्हणजे युस्टेशियन नळी: मोठ्यांत साधारण ३५ मिमी, तान्ह्या बाळात त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी. तिच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव घशाकडे लोटत राहतात. त्या स्रावात लायसोझाइम नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतं. पुढे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पहिला मागमूस लागला होता सर्दीच्या शेंबडात! जिवाणूची भिंत दोन शर्करा आलटून-पालटून गुंफलेल्या साखळ्यांची असते. लायसोझाइम त्यांतला सांधा कापतं, भिंत कमजोर होते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. लायसोझाइम-एम हा त्याचा एक प्रकार नसलेल्या उंदरांत न्यूमोकोकस या जिवाणूने होणारा मधल्या कानाचा संसर्ग जास्त बळावतो. (अंड्याच्या पांढऱ्यातही लायसोझाइम भरपूर, पण अंडी खाऊन ते कानात पोचत नाही.)

न्यूमोकोकसही काही कमी नाही. भिंतीतल्या शर्करेवरचा ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट तो काढून टाकतो, मग लायसोझाइमची पकड निसटते. हिमोफिलस या दुसऱ्या जिवाणूला तर भिंतीवरून आणखी एक पडदा. तो सैल करायला डिफेन्सिन आणि लॅक्टोफेरिन लागतात. ही स्रावातलीच प्रथिनं, एन्झाइमं नव्हेत, पण लायसोझाइमला त्यांची जोड मिळाली की मारा वाढतो.

बिघडतं ते सर्दीच्या विषाणूमुळे. अस्तर सुजतं, नळी मिटते, केस मंदावतात. आतली हवा शोषली जाऊन पाणी साठतं. एन्झाइम असतं, निचरा नसतो.

म्हणून बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. घरात सिगारेट नको, धुपाचा धूरही बेताने. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. दोन मात्रांत ६ तास ठेवा. सिरपच्या ५ मिलीत कधी १२० मिग्रॅ असतं, कधी १२५, कधी २५०. चमचे मोजण्याआधी लेबल वाचा, चूक हमखास इथेच होते.

दोन वर्षांपुढच्या मुलाचा एकच कान दुखत असेल आणि ताप बेताचा असेल, तर डॉक्टर प्रतिजैविक न देता ४८ ते ७२ तास थांबायला सांगू शकतात. सहा महिन्यांखालचं बाळ, ३९ अंश सेल्सिअसवर ताप किंवा कानातून पू असेल तर मात्र थांबू नका. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.