तिवराचा अर्क आणि रखडलेलं प्रमाणपत्र

बेळगावात बसून खारफुटीच्या अर्काचा जिवाणूंवर परिणाम होतो का, असा प्रकल्प करणार असाल तर अर्काची काळजी नंतर करा, आधी वनस्पतीच्या ओळखीचं प्रमाणपत्र हातात घ्या. कारवारला जाऊन काळी नदीच्या मुखाजवळून तिवर, मारंडी, धापा या खारफुटीतल्या वनस्पती आणणं सोपं आहे. वनखात्याची लेखी परवानगी मात्र जवळ हवी. चोर्ल्यातून गोवा जवळ म्हणून चोडणला पानं तोडायला जाऊ नका, तिथली खारफुटी पक्षी अभयारण्यात येते.

प्रमाणपत्राच्या खिडकीवर माझी गाडी रुतली ती रुतलीच. कधी विभागप्रमुखांचा शिक्का नाही, कधी अक्षांश-रेखांश नाहीत, तर कधी ‘फूल कुठाय?’ सगळ्या अटी एका कागदावर छापून भिंतीला चिकटवायला काय जातं, देव जाणे!

फुलाची अट मात्र रास्त आहे. एव्हिसेनिया मरीना आणि एव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस, दोन्ही तिवरच. मरीनाचं पान बहुधा टोकदार, ऑफिसिनॅलिसचं गोलसर. पण खात्री फुलावरून होते, मरीनाचं फूल बरंच लहान असतं. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस, फुलोरा असताना जा. फांदी फुलापानांसकट घ्या, दाबून वाळवलेला नमुना ज्यावर चिकटवतात त्या 28 × 42 सेंटिमीटरच्या शीटवर मावेल एवढी.

धाप्याने फार छळलं. पानं मांसल, दाबल्यावरही जिवंत राहतात आणि शीटवर गळून पडतात. दाबण्याआधी फांदी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवली की पेशी मरतात, गळती थांबते. टिपकागद रोज बदलायचे. बेळगावच्या पावसात ते वाळत नाहीत, इस्त्री फिरवा. नाहीतर बुरशी आलीच आणि शीट परत. अर्ज दिल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोच मागून घ्या, ‘तुमचा कागद आलाच नाही’ ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

पुढचं काम नेहमीचंच. पानं धुवून सावलीत वाळवा, 50 ग्रॅम पूड 500 मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये 72 तास ठेवा, गाळा, 40 अंशांवर कमी दाबाखाली आटवा. तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. ते धुतले तरी पानातलं मीठ मेथॅनॉलमध्ये उतरतं. अर्क चिकट राहतो, हवेतलं पाणी ओढतो, आणि तुम्ही अर्काचे मिलिग्रॅम म्हणून मीठही तोलता. थोडा अर्क पाण्यात विरघळवून नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. दाट पांढरा साका आला तर अर्क पाणी आणि इथाइल अॅसिटेटमध्ये विभागा. मीठ पाण्यात राहतं, फ्लेवोनॉइड या वनस्पतीतल्या रसायनांचा बराच भाग वरच्या, इथाइल अॅसिटेटच्या थरात येतो. साखर जोडलेले इरिडॉइड, म्हणजे वनस्पतीतलाच आणखी एक रसायनगट, मात्र पाण्यातच राहतात, म्हणून तो थर ओतून देऊ नका.

जिवाणूंवरच्या चाचणीला म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) 4 मिलिमीटर जाडीचं, जिवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा 0.5 मॅकफार्लंड, अर्क शोषवलेली कागदी चकती 6 मिलिमीटरची. अर्क ज्यात विरघळवता त्या डीएमएसओ द्रावकाची नुसती चकतीही तुलनेला लावायला विसरू नका. तेलकट घटक अगरमध्ये नीट पसरत नाहीत. चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ लहान दिसलं म्हणून अर्क निकामी ठरवू नका, द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं किमान प्रमाण, काढा.

यादीत गेवा हे खारफुटीतलं झाडही असेल तर तोडताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं.